सैल दोर

“दोर सैल पडला म्हणजे नाव मेली नाही गं. घाबरून आवळू नकोस. सोड, वळू दे तिला.”

आत्याने हे सांगितलं तेव्हा भाची नऊ वर्षांची होती आणि तिच्या मुठीत ओला दोर होता. आज मुठीत माउस होता. पडद्यावरची नाव अकराव्यांदा थांबली होती. टोक वाऱ्याकडे वळलं, शीड फडफडलं, दोर सैल पडला, की भर समुद्रात खिळा ठोकल्यासारखी उभी.

“गेली,” मागून आत्या म्हणाली. दुखरे पाय स्टुलावर टाकून ती मटार सोलत होती.

“आत्या, जरा गप्प बस ना.”

“मी गप्पच आहे. शेंगांशी बोलतेय.”

खेळ कुठल्या कंपनीचा नव्हता. आठ-दहा हौशी माणसं आपापल्या घरी बसून तो घडवत होती. कुणी चित्रं काढायचं, कुणी लाटांचे आवाज जमवायचं. ती लिफ्टच्या कारखान्यात प्रोग्राम लिहायची, म्हणून वारा, शीड आणि दोर यांचं गणित तिच्याकडे आलं होतं. रोज सकाळी एक तास खेळाला द्यायचा आणि त्याआधी तोंडात घास घालायचा नाही, हा तिचा नेम. चौदा महिन्यांत तो मोडला नव्हता. आज तर तिने रजाच टाकली होती. तासाचे चार तास झाले होते आणि पोटात अजून काही नव्हतं.

स्पीकरमधून कप्तान बोलले. कप्तान म्हणजे या हौशी मंडळींचे म्होरके, पेशाने दातांचे डॉक्टर. पाण्याशी त्यांचा संबंध चूळ भरण्यापुरता. “ताई, आज दुपारी बाराला खेळ बाहेर सोडायचाय. लोक वाट बघतायत. माझं ऐका, नावेला मोटर बसवू. शीड राहू दे शोभेला.”

आत्याचे हात थांबले. “शोभेला? त्यांना म्हणावं, मग दातही शोभेलाच बसवता का?”

स्पीकरमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं.

“आत्या, त्यांना ऐकू जातंय.”

“म्हणून तर बोलले.”

मोटर आत्याला चालणार नव्हती, आणि खरी गोम तिथेच होती. चाळीस वर्षं शिडाच्या नावेतून माणसं पैलतीरी पोचवलेल्या आत्याचे गुडघे आता ऑपरेशन मागत होते. दोन वर्षं ती टाळत होती. “तुझी ती खोटी नाव समोरच्या वाऱ्यावर चढून त्या पडद्यावरच्या दीपगृहाला लागू दे,” ती म्हणाली होती, “त्या दिवशी मी माझ्या पायांनी जाऊन तारीख घेईन. शब्द आहे माझा.” नाव चढायची नाही, या भरवशावर दिलेला शब्द. आणि गेल्याच आठवड्यात हाडांचे डॉक्टर म्हणाले होते, आणखी थांबलात तर चालणं विसरा.

सव्वाअकरा.

तिने कीबोर्डवरून हात काढून घेतले. तळव्यात तो ओला दोर आठवून पाहिला. सोड, वळू दे. मग तिने वाऱ्याच्या गणिताचं पान मिटलं आणि दोराचं उघडलं. पहिल्याच आठवड्यात लिहिलेलं, नंतर कधी न वाचलेलं. तिथे तिच्याच हातची ओळ होती: दोर सैल पडला, की सगळं थांबव.

कारखान्यातला पहिला धडा. लिफ्टचा दोर बोटभर जरी सैल झाला तरी त्या क्षणी ब्रेक. आत माणसं असतात. एकोणीस वर्षं तिची बोटं ही ओळ लिहीत आली होती. इथेही त्यांनी तिला न विचारताच लिहून टाकली होती. तीन आठवडे ती वाऱ्याला दोष देत होती.

“कप्तान,” ती म्हणाली, “मी नावेला लिफ्टचा ब्रेक लावून ठेवलाय.”

“काय लावलंय?”

“काढते. मोटर ठेवा बाजूला.”

एक ओळ गेली. तिने आत्याची खुर्ची टेबलाशी ओढली. “तू चालव.”

“माझे हात मटाराचे आहेत.”

“पूस पदराला. ही दोन बटणं सुकाणूची, हे दोराचं.”

नाव निघाली. टोक वाऱ्याकडे चढलं. शीड फडफडलं. दोर सैल पडला. आत्याचं बोट नुसतं टेकून राहिलं. आवळायला गेलं नाही. नाव वळली, आणि शीड दुसऱ्या अंगाला भरलं.

“चढली!” कप्तान इतक्या जोरात ओरडले की स्पीकर खरखरला.

डावीकडे तिरकी, उजवीकडे तिरकी, पुन्हा डावीकडे. “या अंगाला वारा जास्त आहे गं,” आत्या पुटपुटली, “पाणी बघ, काळं दिसतंय.” ती काळी छटा भाचीने वर्षापूर्वी घातली होती. आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती.

बाराला आठ कमी असताना दीपगृहाची घंटा वाजली. स्पीकरमध्ये शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी ताटलीच बडवायला घेतली. “आजी, खेळ संपताना नावांची पाटी येते, तिच्यावर तुमचं नाव टाकतोय!”

“आजी कुणाची? आत्या म्हण.”

बाराच्या ठोक्याला तिने बटण दाबलं आणि खेळ जगात गेला. मग ताटातला एक कच्चा मटार उचलून तोंडात टाकला. दिवसाचा पहिला घास. गोड होता.

वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी. कपाटावरचं गुडघ्यांच्या एक्स-रेचं पाकीट जागेवर नव्हतं.

ती दाराशी गेली. शहरभर लिफ्ट चालवणारीच्या इमारतीला लिफ्ट नव्हती; तीन जिने होते. आत्या पाकीट काखेत धरून उतरत होती. काठी टेकत, तिरकी तिरकी, या भिंतीकडून त्या कठड्याकडे, कठड्याकडून परत भिंतीकडे.

वळणावर ती जरा थांबली, कठडा हातातून सोडला, आणि वळली.