आधी देवाला

जपानहून आणलेली रेसची गाडी शेडमध्ये लागली तेव्हाच रणधीरने वडिलांना बजावलं होतं, "आबा, फक्त ट्रॅकवर पळवायच्या अटीवर ती कस्टममधून सोडवून आणलीय. रस्त्यावर दिसली तर जप्त होईल."

आबांनी मान हलवली. त्यांची मान कुठल्याही अटीला हलते.

शर्यतीच्या आदल्या सकाळी शेड रिकामी होती. हातात हेल्मेट घेऊनच रणधीरने फोन लावला.

"जोतिबाच्या डोंगरावर आलोय," आबा खुशीत होते. "नवी गाडी देवाला न दाखवता पळवतात होय?"

"तिला नंबर प्लेट नाही, आबा."

"म्हणून तर पुढं मोठा हार घातलाय. कुणाला कळतंय?"

मग आबांचा आवाज उतरला. "रणधीर, एक पोलीस हार बाजूला सारून बघतोय रे. उद्याचं तुझं यशच मागून आलो होतो."