चौथा पाय

माशांच्या टाकीच्या स्टँडला पाय करायला मिस्त्रींनी वखारीतल्या ढिगातून चौथा तुकडा ओढून काढला, बोट मुडपून त्यावर टकटक केलं आणि मान तिरकी केली. "ऐक," ते लेकीला म्हणाले, "कसं बोलतंय बघ."

लेकीनं ऐकलं. आवाज बद्द होता, ओल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा. लहानपणी बापाच्या हाताखाली भुसा झाडताना तिनं तो कितीदा ऐकला होता, आणि दर वेळी त्यांनी ते लाकूड पायानं बाजूला सारलं होतं. आतून किडीनं खाल्लेलं म्हणून. आज मात्र त्यांनी ते खांद्याशी धरलं होतं आणि चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

पहिले तीन तुकडे खणखणीत निघाले, ते नशीबच म्हणायचं.

वखारवाल्यानंही ऐकलं. तो लगेच आपल्या चपलांकडे बघायला लागला. या माणसानं पसंत केलेलं लाकूड तो इतकी वर्षं डोळे मिटून गिऱ्हाइकांना देत आला होता. आता त्यानं तरी काय बोलावं?

मिस्त्रींना कमी ऐकू येतं, हे घरात उच्चारायची सोय नव्हती. टीव्हीचा आवाज वाढवला तर टीव्ही बिघडलाय. फोनवरचं कळलं नाही तर समोरचा तोंडातल्या तोंडात बोलतो. बरं, ते चालून जातं. पण माशांची टाकी? काच, वाळू आणि पाणी मिळून तीनशे किलोच्या वर. ती या चार पायांवर उभी राहणार, आणि लेकीची दहा महिन्यांची पोर मासे बघायला रांगत तिथंच येणार. येणारच. दुकानातसुद्धा काचेला नाक लावून बसली होती, उचलली तर भोकाड पसरलं.

"घेऊ ना हा?" मिस्त्रींनी खूण करायला कानावरची पेन्सिल काढली.

सांगावं तर वखारवाल्यासमोर बापाची उभ्या जन्माची अब्रू जाते. न सांगावं तर काय होईल, याचा विचारही तिला करवेना.

"बाबा, हा नको."

"का?"

"याचा... याचा रंग वाईट आहे. सोफ्याशी जुळत नाही."

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. "लाकूड घेतेयस का साडी? वर पॉलिश चढलं की कुठं दिसतोय तुझा रंग?"

"तरी नको."

"घ्या. सुताराची पोर आणि रंग बघते," ते वखारवाल्याला म्हणाले. "नाक कापलं हिनं आमचं."

वखारवाला हसला. जरा जास्तच हसला, आणि पुन्हा चपलांकडे बघायला लागला.

मिस्त्रींनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग तुकडा ढिगावर आडवा ठेवला, खाली वाकून त्याला कान घट्ट टेकवला आणि ठोकलं. थोडं पुढं सरकून पुन्हा ठोकलं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. लेक खालचा भुसा पायानं उगाचच सारखा करत होती.

ते उठले तेव्हा कानाच्या पाळीला धूळ लागली होती. त्यांनी पेन्सिलीनं त्या तुकड्यावर मोठी फुली मारली आणि पुन्हा गिरवली.

"हा कुणाला देऊ नका," ते वखारवाल्याला म्हणाले. "रंग वाईट आहे."

मग पेन्सिल त्यांनी लेकीच्या हातात दिली. "आधीचे तीनही बघून घे. तू वाजव."

ती वाजवायला लागली. मिस्त्री तिच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहिले.