डोंगरावरची माकुडी

जमीन बिल्डरला गेली, तेव्हा आनंदीबाईंनी डोंगरावरची माकुडी ही दुर्मिळ वनस्पती बदल्यात मिळालेल्या फ्लॅटच्या गॅलरीत आणून लावली. महिनाभर पाणी नाही मिळालं तरी ती तग धरायची.

"गॅलरीत कमिटीने ठरवलेलीच फुलझाडं हवीत," आयटीत नोकरी करणारे सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. "अख्ख्या सोसायटीत हे गवत फक्त तुमच्याकडे आहे. काढून टाका."

"माज्या एकटीकडंच हाय म्हून व्हय? बरं."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि वाण म्हणून प्रत्येकीला माकुडीच्या फांदीपासून वाढवलेलं एकेक रोप दिलं.



दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी स्वतःच्या गॅलरीतलं रोप उपटायला हात घातला, तशी आतून बायको ओरडली, "अहो, वाण आहे ते! हात लावाल तर खबरदार."