खिडकीच्या उजेडात

"आज आत या," रंगाऱ्याची बायको दाराशी थांबून म्हणाली.

रंगारी दवाखान्यातल्या बाकावरून उठला. ऑपरेशननंतरच्या किरणोपचारांनी तिच्या छातीवरची कातडी भाजल्यासारखी झाली होती. ती भरून यावी म्हणून हे लाल दिव्याचे उपचार चालू होते. पण आजवर तो बाहेरच बसायचा. घरीही ती कडी लावूनच कपडे बदलायची.

नर्सने दोघांना काळे चष्मे दिले. बायकोने झग्याची एक बाजू खाली केली आणि हात डोक्यावर घेऊन खाटेवर पडली. दिवा लागला तसं रंगाऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

"दुखतं का गं?"

"नाही. नुसतं कोमट लागतं. तुम्ही भिंतीत काय बघताय?"

"ओल धरलीय इथे."

नर्स हसली. "काका, आज तरी सुट्टी घ्या."

दिवा बंद झाला. नर्सने वाकून पाहिलं. "छान. सुधारतंय."

"सगळे छानच म्हणतात," बायको म्हणाली. "बहीण म्हणते, लेक म्हणते. मला आरशात बघवत नाही, आणि काखेतलं तर दिसतही नाही. तुम्ही बघा. भिंत खराब आहे, रंग टिकायचा नाही, असं लोकांना तोंडावर सांगता ना? तसंच सांगा."

रंगारी वळला.

"या बल्बखाली नाही कळायचं," तो म्हणाला. "खिडकीपाशी ये."

खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत होती. नर्सने पडदा सारला आणि काहीतरी आठवल्यासारखी बाहेर गेली.

त्याने काळा चष्मा उतरवला आणि खिशातला वाचायचा चष्मा लावला. टाक्यांची रेघ तो पहिल्यांदाच पाहत होता. नजर तिथे अडली, मग पुढे सरकली.

"खांद्याकडची लाली उतरलीय. कडेने नवी कातडी धरलीय, गुलाबी. मधे काळपट आहे, ते जाईल सावकाश. काखेत..."

"काखेत काय?"

"काखेत अजून लाल आहे. ओलसर. तिथे काही फरक पडलेला दिसत नाही."

जीभ आवरली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

"तिथेच चुरचुरतं मला," ती म्हणाली. तिने मोठा श्वास सोडला. "म्हणजे खांद्याकडचं खरं आहे."

"खरंच आहे."

"कुठवर बरं आहे?"

त्याने अंगाला न लावता हवेतच बोट फिरवलं. "हे बघ, इथवर."

"मग तिथवर हात लावा."

त्याने हात मागे घेतला. पालथा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"खरखरीत आहेत गं माझे हात."

"ते मला माहीत नाही का," ती म्हणाली आणि उजेडाकडे तोंड करून उभी राहिली.