पुसलेली ओळ

फोटोवरून माऊस ओढला, तर एकाऐवजी दोन ओळी निळ्या झाल्या.

तिने डोळे चोळले. फोटोत दिसत होता तो एकच शब्द, पाटीच्या मधोमध, खडूने लिहिलेला : 'चालेल.' तो पाहूनच मघाशी तिचा जीव भांड्यात पडला होता. बाबा दुसऱ्या ऑपरेशनला तयार झाले होते. हो किंवा नाही, जे असेल ते ऑफिस सुटायच्या आत कळवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो शब्द कॉपी करून पाठवला, की ती सुटली.

पहिल्या ऑपरेशनात बाबांचा आवाज गेला, तेव्हापासून ते पाटीवर लिहायचे. आई पाटीचा फोटो काढून पाठवायची आणि ती ऑफिसातल्या कंप्युटरवर त्यातली अक्षरं उचलून डॉक्टरांना द्यायची. ही सोय कंप्युटरमध्येच होती. माऊस ओढायचा, कॉपी, पेस्ट. तिची नोकरीच ती होती; दिवसभर लोकांच्या अर्जांचे फोटो समोर घेऊन बसायचं. लोकांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, निम्मं हातानेच टाइप करावं लागे. बाबांचं मात्र कधी अडलं नाही. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात हयात गेलेला माणूस, 'घसा दुखतो' हेसुद्धा दुकानाचं नाव असल्यासारखं लिहायचा. एकदा 'सूप बेचव. स्वयंपाकीण बदला' असं आलं होतं. स्वयंपाकिणीने, म्हणजे आईनेच, ते इमानेइतबारे फोटो काढून पाठवलं होतं.

तिने पेस्ट केलं.

'पुरे आता. मला घरीच राहू द्या.
चालेल.'

तिने फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. 'चालेल'च्या वर करडे, फिकट डाग होते. नीट पाहिलं तर डागांना शिरोरेषा होती.

शेजारच्या टेबलवर कोणीतरी जांभई दिली. तिने वरची ओळ निवडली आणि काढून टाकली. 'चालेल' तेवढं राहिलं. त्यात खोटं काही नव्हतं, बाबांच्याच हातचं होतं. हॉस्पिटल, ऑफिस, घर करता करता तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, तरी बाबांना असं जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती. पाठवायच्या बटणापर्यंत बाण गेला आणि तिथेच थांबला. मग तिने फोन उचलला.

"आई, बाबांनी आधी दुसरं काही लिहिलं होतं?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"तुला कोणी सांगितलं?"

"फोटोत आलंय."

"कसं येईल? पुसलं की मी."

"कशानं?"

"हातानं. तेवढ्यात फडकं ओलं करायला कुठे जाऊ?" आईचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "म्हटलं, हे पोरीला पाठवू? दुसरं लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. मी जबरदस्ती नाही केली."

"नाही गं. मी कुठे म्हणतेय?"

"रडले फक्त मी."

आईला बोलायला तिला तोंड नव्हतं. आईने हाताने पुसलं, तिने माऊसने. फरक एवढाच.

"फोन त्यांच्या कानाला लाव," ती म्हणाली. मग आवाज सांभाळत म्हणाली, "बाबा, आमचं दोघींचं जाऊ द्या. तुम्हाला काय हवंय ते लिहा."

थोड्या वेळाने खडूचा आवाज येऊ लागला. बाबांचा हात कधी घाई करत नसे. टकटक झाली, थांबली, पुन्हा झाली. शेवटी एक लांब रेघ ओढल्याचा आवाज आला आणि खडू खाली ठेवला गेला.

"आई, वाच."

आईने फोन परत घेतला, पण वाचलं नाही.

"चष्मा नाहीये का जवळ?"

"डोळ्यावरच आहे." मग आई म्हणाली, "दिसतंय गं सगळं. वाचवत नाही."

"मग फोटो पाठव. आणि आई, पुसू नकोस."

फोटो आला. तीच पुसलेली ओळ होती. या वेळी पाटीभर, मोठ्या अक्षरात, दोन शब्दांमधली जागासुद्धा मापून सोडलेली. आजाऱ्याचा हात कुठेही थरथरला नव्हता.

ती कितीतरी वेळ बघत राहिली. ऑफिसात माणसं डबे आवरू लागली होती, खुर्च्या सरकत होत्या. तिने माऊस बाजूला सारला आणि कीबोर्ड पुढे ओढला. रोज बोटं आपोआप पळायची, आज एकेक अक्षर शोधावं लागलं. डॉक्टरांना तिने एवढंच लिहिलं :

'बाबा नको म्हणतात.'