रेघेला न लागलेला शिक्का

नमुन्याचा कागद एक. त्यावर चित्रं पाच, शिक्का एक. शाळेच्या ओट्यासमोर दोनशे चौदा मतदार, आणि त्यातला एकही कागदाला हात लावायला तयार नव्हता.

१९६२ ची निवडणूक चार दिवसांवर आली होती. मागच्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. आपल्या माणसाच्या पेटीत कागद टाकला की झालं. या वेळी पेटी एकच. कागदावर रेघा ओढून वेगळी केलेली पाच उमेदवारांची पाच चिन्हं, आणि त्यातल्या एकावर शिक्का.

"रेघेले लागला तं?" रुखमाबाईनं विचारलं.

"मत बाद," शाळेतला नवा मास्तर सुधाकर म्हणाला.

"अन् मंग पोलीस नेते?"

"तुले न्याले पोलीसबी भ्याते वं," पुंजाजी म्हणाला. कोणी हसलं नाही.

पाचांत गावचा कडूबा होता. गेल्या पावसाळ्यात त्याची बाळंतपणात अडलेली लेक नदीच्या या काठावरच गेली. दवाखाना त्या काठाला होता. निवडून आलो तर पूल, एवढंच तो बोलायचा. सगळं गाव त्याच्या मागे होतं. भीती एकच, मतं बाद होण्याची.

"मास्तर, शिडीवर मारा म्हनून सांगून टाका ना," कडूबा हळूच म्हणाला. शिडी हे त्याचं चिन्ह, खऱ्या कागदावर सर्वांत खाली.

"मला सरकारनं नेमलंय, कडूबाभाऊ. कोणाचं चिन्ह दाखवता येत नाही."

म्हणूनच सुधाकरनं नमुन्यावर निवडणुकीत नसलेली चित्रं काढली होती. कढई, कंदील, पतंग, घागर, कात्री. मधल्या पतंगावर त्यानं शिक्का मारून दाखवला. मग एकेकाकडून तसाच मारून घेतला. पहिल्या दिवशी एकसष्ट जण चुकले. दुसऱ्या दिवशी सतरा. तिसऱ्या दिवशी एकही नाही.

मतदानाच्या दिवशी रुखमाबाई पडद्यामागून घामानं भिजून बाहेर आली. कडूबा दूर रस्त्यावर उभा होता.

"मारला, माय?"

"मास्तरनं शिकोला तसाच. हात हलू देला नाही, बापू."

तालुक्याला मोजणी झाली. गावच्या पेटीत मतं दोनशे सहा. बाद, शून्य. शिडी, अकरा. कागदावर तिसऱ्या जागी असलेला, गावात कधीही न आलेला शालिग्राम, एकशे पंच्याण्णव.