जेवायची हाक

ऑपरेशनमध्ये पोटाची नस कापावी लागली, आता गोरखला भूक कळणार नाही, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा त्याच्यापेक्षा त्याची बायको हौसाच जास्त घाबरली.

"मेंदू दुसरी खूण शोधतो," डॉक्टर म्हणाले. "रोज ठरल्या वेळी जेवू घाला."

गोरख गणपतीच्या कारखान्यात कामाला. हौसा रोज दुपारी कारखान्याच्या दारात उभी राहून हाक मारायची, "अवो, ठेवा ती माती खाली. जेवायला चला." पावसाळा सरेपर्यंत असं झालं की तिची हाक आली की गोरखच्या तोंडाला पाणी सुटायचं.

"बघा, तुमच्या नसेपेक्षा मी बरी," ती हसायची.

गेल्या आठवड्यात हौसा गेली. सुतकात घरची चूल बंद, म्हणून शेजारची ठमी जेवण आणून गुपचूप त्याच्याजवळ ठेवते आणि संध्याकाळी ताट तसंच उचलून नेते.

"भाऊ दुःखात हाय," ती भेटायला आलेल्या बायकांना हळूच सांगते. "त्याला जेव जेव करू नका गो. भूक लागली की जेवंल."

गोरख भिंतीला टेकून ऐकतो. आपल्याला जेवायला हाकच मारावी लागते, हे त्याने ठमीला अजून सांगितलेलं नाही.